मेलेला माणूस गायब करायचा नाही

परीक्षेच्या दिवशी सर डबा घेऊन यायचे. आम्ही केलेल्या गेममध्ये शिरायचे, समोर येईल त्या पहिल्या शत्रूला गोळी घालायचे आणि कंट्रोलर बाजूला ठेवून डबा उघडायचे. भाकरी, भाजी, वर कच्ची मिरची. तोंड चालू, नजर स्क्रीनवर पडलेल्या त्या माणसावर. विद्यार्थी शेजारी उभा. थोड्या वेळाने, जगातल्या बहुतेक गेममध्ये होतं तसं, ते मढं आधी विरळ व्हायचं आणि मग नाहीसं व्हायचं. सर हातातला घास खाली ठेवायचे.

"क्यां गयो?" कुठे गेला?

"सर, मेलेले काढून टाकतो ना आपण. मेमरी वाचते."

"कोणाची? मशीनची की तुमची?"

नापास. पुढच्या वेळी या.

त्यांचा नियम एकच होता आणि तो पहिल्याच दिवशी फळ्यावर मराठीत लिहिला जाई, वर्गात निम्म्यांना मराठी येत नसली तरी: मेलेला माणूस गायब करायचा नाही. "मारायची हौस आहे ना? मारा. पण मग तो तिथे राहील. तुम्ही सोनं गोळा करून परत त्याच वाटेने याल तेव्हा पण तो तिथेच असेल." एका मुलाने युद्धाचा गेम केला होता. सरांच्या नियमाने त्याच्या मैदानात इतकी प्रेतं साठली की शेवटी कॉम्प्युटरच बंद पडला. सर खूश. "हं. आता युद्ध समजलं." त्याला पैकीच्या पैकी मार्क.

हे सगळं बडोद्यात, छाणीच्या पुढे, हायवेच्या कडेला असलेल्या एका खासगी विद्यापीठात. मी तिथे कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि गेम टेक्नॉलॉजी या विषयात एम.एस्सी. करत होते. माझे बाबा कारखान्यातले. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा युनियनची पत्रकं जास्त. ते म्हणायचे, "खेळणी बनवायला पण एम.एस्सी. लागते होय?" मी हा प्रश्न एकदा सरांना सांगितला. सर म्हणाले, "बाबांना सांगा, ज्याला खोटं जग नीट बनवता येतं त्याला खऱ्या जगात कुठे लबाडी केलीय ते पटकन दिसतं." आणि वर, "दिसून उपयोग होतो असं नाही सांगितलं हां मी."

सरांचं घराणं जुन्या संस्थानातल्या कारभाऱ्यांचं. "आजोबांनी महाराजांच्या फायली सांभाळल्या, मी डायरेक्टरच्या सांभाळतो. त्या फायलींना निदान वाळवी तरी लागायची." वासण्याला एका फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. स्कूटरला एकही आरसा नव्हता, "मागे बघायला मान दिलीय देवाने." घरात म्हणे शुद्ध पुस्तकी मराठी, वर्गात मात्र एका वाक्यात तीन भाषा. मुलींना सगळ्यांना बेन, मुलांना भाई, आणि दोघांचाही सारखाच छळ.

छळ हा शब्द मी विचार करून वापरते. ते चांगले शिक्षक होते, चांगले गृहस्थ नव्हते. हेतल नावाची माझी मैत्रीण, गुजराती, कष्टाळू, घाबरट. तिने एक अख्खा बंगला बनवून आणला होता. सर गेममध्ये बंगल्याच्या दारातून आत न जाता सरळ मागे गेले. तो त्यांचा जुना खोडसाळपणा. मागे भिंतच नव्हती. जे कॅमेऱ्याला दिसणार नाही ते बनवायचं नाही, हे तर आमच्या धंद्याचं पहिलं सूत्र. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "वा हेतलबेन, निवडणुकीतलं आश्वासन बनवलंत. पुढून रंग, मागून हवा." हेतल रडत बाहेर गेली. सर डबा खात राहिले.

त्यांना आणखी एका शब्दाचं वावडं होतं: क्लीन. आमच्यात हा शब्द श्वासासारखा येतो. मॉडेल क्लीन करा, फाइल क्लीन करा, सीन क्लीन करा. सर थांबवायचे. "क्लीन म्हणजे काय केलंत? पुसलं, कापलं, की बुजवलं? क्रियापद सांगा." आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. कँटीनमध्ये कोणी टेबल पुसायला आलं की ओरडायचो, "क्रियापद सांगा!"

नक्कल बंद झाली त्याला कारण झालं आमचं शेवटच्या वर्षाचं काम. विद्यापीठाला जाहिरातीसाठी स्वतःचं हुबेहूब मॉडेल हवं होतं, म्हणजे पालकांनी डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा आणि जागच्या जागी उभं राहून सगळा परिसर फिरून यायचा. ते काम हेतलला आणि मला मिळालं. त्यासाठी ड्रोन ठरलेल्या मार्गाने इमारतींवरून उडतो, शेकडो फोटो घेतो, आणि कॉम्प्युटर ते फोटो एकमेकांशी जुळवून घन आकार तयार करतो. यात एक गंमत आहे. जे जागचं हलतं ते एका फोटोत इथे आणि दुसऱ्यात तिथे दिसतं, त्यामुळे ते जुळत नाही आणि कॉम्प्युटर ते सोडून देतो. चालणारी माणसं, गाड्या, कुत्री, सगळी मिटतात. स्थिर असतं तेवढंच उरतं.

उन्हाळा होता. आम्ही दोघी नवीन इमारतीच्या मागे लिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि ड्रोन पुढच्या बाजूला आपलं काम करत होता. पुढे परांची बांधलेली, रंगकाम चालू. मध्येच काहीतरी पडल्याचा आवाज आला, आरडाओरडा झाला. बांधकामावर आवाज होतच असतात. ड्रोन परत आला, आम्ही बॅटरी बदलून पुन्हा सोडला, परत आला, पुन्हा बदलली. काम संपवून आम्ही पुढे आलो तेव्हा दारासमोर कोणीतरी पाइपने पाणी मारत होतं. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "कोई मजदूर को चक्कर आ गया, बेन. बाहर, रोड पे." दुसऱ्या दिवशी कळलं की तो माणूस वारला. उन्हाने, रस्त्यावर.

मॉडेल तयार झालं. मजूर एकही नव्हता, सगळे मिटले होते. परांची होती, वाळूचा ढीग होता. आणि मुख्य दारासमोर एक निळा लांबट उंचवटा होता.

"गूण हशे," हेतल म्हणाली. "सिमेंटनी." सिमेंटची गोणी असेल.

तिने तो मोठा करून फिरवला. निळी ताडपत्री. ताडपत्रीच्या एका टोकाला दोन तळवे.

सर आले. खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी तो आकार चारी बाजूंनी बघितला, अगदी मागूनही.

"ड्रोन किती वेळ होता वर?"

"सर, दोनदा बॅटरी बदलली."

"म्हणजे तेवढा वेळ हा इथे होता." मग, अगदी हळू, "धावपळ करणारे सगळे पुसले गेले. पडलेला राहिला."

कोणाला तरी गाडी बोलवायला इतका वेळ लागला होता, की त्याला उचलून कुठे नेऊन ठेवायचं हे ठरवायला? मी हा प्रश्न मोठ्याने विचारला. सर म्हणाले, "दोन्ही, बेन. पहिल्यांदा पहिलं, मग दुसरं." आवारात मेला तर जबाबदारी ठेकेदाराची आणि विद्यापीठाची. रस्त्यावर मेला तर उन्हाची.

त्याचं नाव नगीन होतं. छोटाउदेपूरकडचा. हे आम्हाला कळलं कारण काही दिवसांनी त्याची बायको आणि मेव्हणा फाटकाशी आले. ते भांडायला आले नव्हते. त्यांच्या घरी रीत होती की माणूस बाहेरगावी असा अवचित गेला तर जिथे त्याचा जीव गेला तिथली मूठभर माती घरी न्यायची, नाहीतर तो घरी येत नाही. चौकीदार त्यांना रस्ता दाखवत होता. दुभाजकाच्या कडेची धूळ ती बाई पदरात भरत होती, तेवढ्यात सरांची स्कूटर आली.

सरांनी विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आ माटी खोटी छे, बेन. अंदर आवो." चुकीची माती आहे, आत या.

लॅबमध्ये त्यांनी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. स्क्रीनवर काय दिसेल ते आधी सांगितलं, सावकाश, दोनदा. मग मॉडेल उघडलं. ती खूप वेळ बघत राहिली. तिच्या भावाने मान दुसरीकडे वळवली.

"पग एना ज छे," ती म्हणाली. पाय त्याचेच.

आणि मग आमच्याकडे वळून, जणू आम्हीच तिथे होतो, "पग केम न ढांक्या?"

पाय का नाही झाकले? सरांनी स्कूटरच्या डिकीतून पेचकस आणि पाना आणला आणि त्या दोघांना घेऊन नवीन इमारतीसमोर गेले. तोपर्यंत तिथे पेव्हर ब्लॉक बसवले होते, लाल-करडी नक्षी. सर भर दुपारी सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले आणि पेचकस फटीत घालून एक ब्लॉक उचकटला. खाली बारीक वाळू. भावाने मुठीत घेतली.

"आ तो रेती छे," बाई म्हणाली. ही बाहेरून आणलेली.

सरांनी बाजूचे आणखी ब्लॉक काढले. वाळू उपसली, तिच्याखालची खडी उपसली. त्यांची नखं रक्ताळली तेव्हा भावाने पाना हातात घेतला. सुरक्षारक्षक गोळा झाले होते, पण काय म्हणून अडवायचं ते त्यांना सुचेना. शेवटी काळी माती लागली. बाईने दुभाजकाची धूळ पदरातून झटकून टाकली आणि ही बांधली. जाताना ती सरांच्या पाया पडायला वाकली, तर सर चक्क ओरडले तिच्यावर. "ऊठो, ऊठो! हूं पण अहींनो ज छूं." मीही इथलाच आहे.

डायरेक्टरसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. ते उद्धट माणूस नव्हते. सरांना ते मुरब्बी म्हणत, म्हणजे वडीलधारे.

"मुरब्बी, हे ॲडमिशनचं मॉडेल आहे. पालक बघणार. त्यात ही वस्तू शोभते का? क्लीन करी नाखो ने."

"क्रियापद सांगा," सर म्हणाले.

मी आणि हेतल एकमेकींकडे बघू शकलो नाही.

"मुरब्बी, या मुलींच्या डिग्रीचा विचार करा."

"केला. मॉडेल त्यांनी तुमच्याकडे जमा केलंय, काम पूर्ण आहे, मार्क मी दिलेत. आता जे काही पुसायचं ते तुम्ही पुसा. तुमच्या हाताने." आणि मग, ज्या वाक्याने त्यांची नोकरी गेली ते, "एक प्रत मी नगीनच्या मेव्हण्याला दिलीय. त्याने कामगार खात्यात अर्ज केलाय."

त्या दिवसापासून सरांना आवारात यायची बंदी झाली. सर्व्हरवरचे मूळ फोटो गेले. कोणी पुसले ते माहीत नाही. क्लीन झाले एवढंच कळलं. बाहेरून एक माणूस आणून मॉडेलमधला निळा उंचवटाही काढला गेला आणि त्या जागी पेव्हर ब्लॉकची नक्षी चिकटवली गेली.

मग उद्घाटन. नवीन इमारतीच्या लॉबीत मंडप, समोसे, विश्वस्त मंडळी. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा चढवला, कंट्रोलर हातात घेतला आणि मॉडेलमधल्या फाटकातून आत निघाले. ते जे बघत होते ते मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. हिरवळ, झेंडा, नवी इमारत, मुख्य दार. दारासमोर ते थांबले.

"आगळ जवातुं नथी," ते म्हणाले. पुढे जाता येईना.

समोर काहीच नव्हतं. स्वच्छ नक्षीदार जमीन. ते बटण दाबत होते आणि जागीच हिसके खात होते.

आमच्या विद्येत दिसणारा आकार वेगळा असतो आणि अडवणारा आकार वेगळा. डोळ्यांसाठी एक, पायांसाठी एक, नाहीतर माणूस भिंतीतून आरपार जाईल. दोन्ही आम्ही त्याच फोटोंवरून बनवले होते. त्या बाहेरच्या माणसाने डोळ्यांचा आकार काढला होता. पायांचा विसरला होता.

"साहेब, जरा डाबी बाजुथी," डायरेक्टर म्हणाले. पाहुणे डावीकडे सरकले, नगीनच्या डोक्याकडून वळले आणि दारातून आत गेले. टाळ्या झाल्या. त्यांच्यानंतर विश्वस्त, मग पालक. ज्याने ज्याने चष्मा चढवला तो तिथे अडखळला, आणि डायरेक्टर प्रत्येकाला सांगत राहिले: डावीकडून, जरा डावीकडून. हेतल माझं मनगट इतकं घट्ट धरून उभी होती की वळ उठले.

मी तिथून थेट वासण्याला गेले. मला वाटलं सर हसतील, निदान टाळी तरी देतील. ते मटारच्या शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सगळे वळून गेले."

"सगळे, सर! एकहीजण सरळ जाऊ शकला नाही!"

"कोणी विचारलं का, इथे काय आहे?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"मग?" ते म्हणाले आणि सोलत राहिले.

कामगार खात्याच्या कचेरीतली सुनावणी त्यानंतरची. नगीनबरोबरचे मजूर दुसऱ्याच दिवशी लांबच्या कुठल्या तरी साइटवर पाठवले गेले होते, त्यामुळे पुरावा म्हणजे ते मॉडेल आणि साक्षीदार म्हणजे आम्ही. हेतल आली होती. तिच्या घरच्यांनी बंदी घातली असताना आली होती. ठेकेदाराचा वकील शांत होता.

"तुम्ही त्याला पडताना पाहिलंत?"

"नाही."

"पडलेला पाहिलंत?"

"मॉडेलमध्ये."

"मॉडेल कोणी बनवलं?"

"आम्ही."

"तुम्ही काय शिकता, बेन?"

"गेम टेक्नॉलॉजी," हेतल म्हणाली. कचेरीत कोणीतरी हसलं.

मग सर. वकिलाने त्यांना आदराने बसायला सांगितलं. "साहेब, आपल्या वर्गात एक नियम आहे असं ऐकलं. मेलेला माणूस गायब करायचा नाही."

"आहे."

"म्हणजे आपले विद्यार्थी जे जे बनवतात, त्यात कुठे ना कुठे एक मढं असतंच?"

सरांना प्रश्न कुठे चालला आहे ते कळलं होतं. मला कळलं होतं, हेतलला कळलं होतं. नगीनची बायको मागच्या बाकावर बसली होती; तिला या प्रश्नांचा रोख समजत नव्हता, पण ती सरांच्या तोंडाकडे बघत होती. एक "नाही" म्हणायचं होतं. "नेहमी नाही" एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं.

"कोणी मेला असेल तर असतंच," सर म्हणाले. "असलंच पाहिजे."

वकिलाने अधिकाऱ्यांकडे बघून हात पसरले. अधिकारी बिचारे म्हणाले, "साहेब, आ तो गेम छे. यावर मी सही कशी करू?"

बाहेर पायऱ्यांवर मी सरांवर ओरडले. माझ्या शिक्षकावर, रस्त्यात, लोक बघत असताना. एवढा कसला ताठा, त्या बाईला काय मिळालं तुमच्या नियमातून, एक शब्द बदलता आला नाही का? सर स्कूटरची किल्ली शोधत होते.

"काय करायला हवं होतं, बेन? क्लीन?"

त्यानंतर त्यांनी कुठे शिकवलं नाही. मी अधूनमधून वासण्याला जाते. ते दार उघडतात, चहा करतात, गेमबद्दल बोलत नाहीत. मागच्या खेपेला म्हणाले की डोळ्यांना आता उजेड सोसत नाही. घरातला कॉम्प्युटर त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला आहे.

निकालात लिहिलं आहे की मृत्यू फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, उष्माघाताने झाला. विद्यापीठाचं मॉडेल अजून चालू आहे, आणि पालकांसाठी जी सूचना स्क्रीनवर येते तिच्यात गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं असतं: मुख्य दाराकडे जाताना डावीकडून वळा. का, ते लिहिलेलं नसतं. आजवर कोणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. मग न विचारताच सांगते, मराठीत: नवीन इमारतीच्या मुख्य दारासमोर, पायऱ्या संपतात तिथे, डोकं डावीकडे आणि तळवे उजवीकडे, असा नगीन पडला होता. रस्ता तिथून दिसतही नाही.